दुपारी ऊन, पहाटे थंडी: या दिवसांत घर सांभाळा

पाऊस गेला. आभाळ मोकळं झालं. दुपारी अंगाची लाहीलाही होते आणि पहाटे पायाशी सरकलेली चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यावी लागते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, आणि दिवाळीनंतरही काही आठवडे, आपल्याकडे असंच चालतं. घराघरांत माणसं आजारी पडतात ती याच दिवसांत. कुणाला ताप, कुणाला खोकला. आजोबांचा दमा उसळतो, बाळाचं नाक चोंदतं.

यातलं बरंचसं टाळता येतं. त्याला फार पैसा लागत नाही, थोडं लक्ष लागतं. म्हणून हे सांगणं. वाचा, आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आधी हवेचं समजून घ्या. मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबईतून माघारी जातो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून. ढग हटले की ऊन थेट जमिनीवर पडतं. जमीन अजून ओली असते, हवेत दमटपणा असतो आणि वारा पडलेला असतो. घाम वाळत नाही, जीव घाबरा होतो. हीच ती ऑक्टोबर हीट. मुंबईत पारा ३५ अंशांच्या पुढे जातो.

मग उत्तरेकडून कोरडा वारा सुरू होतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते, कारण तिच्यावर ढगांचं पांघरूण उरलेलं नसतं. पुणे, नाशिक, मराठवाड्याकडे नोव्हेंबरात दुपार आणि पहाट यांत १५ अंशांचाही फरक पडतो. एकाच दिवसात शरीराला दोन ऋतू सोसावे लागतात. तरणीताठी माणसं ते सोसून नेतात. लहानग्यांना आणि म्हाताऱ्यांना ते जड जातं.

थंडी सगळीकडे एकाच दिवशी येत नाही. निफाडला शेकोट्या पेटलेल्या असतात तेव्हा रत्नागिरीत पंखे चालू असतात. म्हणून कॅलेंडरकडे पाहू नका. घरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडे पाहा. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होतं. सुरुवातीला सकाळी ते कडेकडेने पांढरं धरतं, मध्ये पातळ राहतं आणि ऊन चढलं की पुन्हा विरघळतं. बाटली अशी रोज गोठायला आणि विरघळायला लागली, की समजा हवा पालटते आहे. सांभाळायचे दिवस हेच. (ती बाटली गॅसवर धरू नका. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा.)

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुसंधीबद्दल एक सल्ला आहे. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा, असे हे दिवस. या काळात जुन्या सवयी हळूहळू सोडाव्यात, नव्या हळूहळू धराव्यात. एकदम बदल केला तर आजार होतात. हे मला आजही पटतं. पंखा एका रात्रीत बंद करू नका, आधी त्याचा वेग कमी करा. गार पाण्याची आंघोळ सोडून एकदम कढत पाण्याकडे वळू नका. काही दिवस कोमट घ्या. स्वेटर अंगात घालून ठेवण्यापेक्षा बरोबर बाळगा. पहाटे शाळेला जाणाऱ्या मुलाला स्वेटर घाला, पण दुपारी काढून दप्तरात ठेवायला शिकवा. घामाने भिजलेला स्वेटर अंगावर घेऊन मूल संध्याकाळपर्यंत खेळलं, तर रात्री खोकणारच.

आता कामाला लागू.

पहिलं काम पाण्याच्या भांड्यांचं. डेंग्यूचा डास घाणेरड्या गटारात होत नाही. तो तुमच्या घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात होतो आणि चावतो दिवसा. पाऊस थांबला की आपण निर्धास्त होतो, पण डेंग्यूचे रुग्ण पावसाळा सरतानाच जास्त दिसतात. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा. रविवार ठरवा, किंवा नळाला पाणी यायच्या आदला दिवस ठरवा. सगळी भांडी, पिंपं, हौद रिकामे करा.

नुसतं पाणी ओतून देऊ नका. डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात. कोरड्यातही ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की जिवंत होतात. म्हणून कडा काथ्याने घासा, मग भांडं पालथं घालून वाळू द्या.

काही जागा नजरेतून सुटतात. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनीप्लांटची बाटली. गच्चीवरचे जुने टायर, अंगणातल्या करवंट्या. विदर्भात ऑक्टोबरच्या उकाड्यात कूलर पुन्हा लावतात. थंडी पडली की तो बंद होतो, पण तळाशी पाणी तसंच राहतं. ते काढा, गवताच्या जाळ्याही काढून उन्हात टाका. मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे मागून आणा. ते अळ्या खातात.

इतकं करूनही ताप आला, तर अंगावर काढू नका. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही सोय असते. तोवर तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. अंग फार दुखतं म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणू नका. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन असल्या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज, शहाळं, जलसंजीवनी थोडी थोडी देत राहा. पपईच्या पानांच्या रसाच्या भरवशावर राहू नका.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा घरचे सुटकेचा श्वास टाकतात. खरी काळजी तेव्हाच घ्यायची असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरताना पोट खूप दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, शौचाला काळं झालं, हातपाय गार पडले किंवा माणूस बेचैन झाला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या.

शेतात राबणाऱ्या घरांनी आणखी एका तापाची ओळख ठेवावी. त्याला स्क्रब टायफस म्हणतात. गवतातल्या, झुडपांतल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. २०१८ साली नागपूरकडे त्याची साथ आली होती. चावलेल्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली नीट पाहा. दिसली तर डॉक्टरांना लाजू नका, दाखवा. वेळेवर ओळखलं तर हा आजार साध्या औषधांनी बरा होतो. गवत कापायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. घरी आल्यावर तो काढून धुवायला टाका आणि साबणाने आंघोळ करा.

सोयाबीन आणि भाताची काढणी याच दिवसांत येते. धान्याबरोबर उंदीर येतात, उंदरांमागे साप. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही कधी कधी दिसत नाही. पहाटे अचानक पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळताना त्रास होतो, बोलणं अडखळतं. असं झालं तर अपचन समजून ओवा-सोडा देत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. विषावरची लस सरकारी रुग्णालयात मिळते. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. साप शोधण्यात वेळ घालवू नका.

त्याआधीची काळजी सोपी आहे. खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डासही अडतो, मण्यारही अडते. पोती आणि सरपण भिंतीला टेकवून अंथरुणाच्या शेजारी रचू नका. रात्री बाहेर जाताना बॅटरी हातात असू द्या.

कोकणात विंचवाचं भय मोठं. सकाळी बूट-चपला झटकून घाला, दोरीवरचे कपडेही झटका. लाल विंचवाचा दंश एके काळी जिवावर बेतत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कितीतरी जीव वाचले. पण औषध वेळेत पोटात जायला हवं. दंशानंतर घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर मांत्रिकाकडे जाऊन वेळ दवडू नका.

परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो. शेतात असाल तर झाडाखाली उभे राहू नका. फोनमध्ये दामिनी नावाचं ॲप घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते केलं आहे आणि वीज कुठे पडू शकते याची सूचना ते देतं. घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून ते एकदा लावून घ्या.

आता घरात या.

ऑक्टोबरचं ऊन अंगाला नकोसं वाटतं, पण घराला फार गुणाचं. चार महिने भिंतींनी, गाद्यांनी, कपाटांनी ओल धरलेली असते. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा. मागे काळी बुरशी दिसेल. ती कोरडी झाडू नका, तिची पूड नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसा, मग खिडकी उघडी ठेवून वाळू द्या. घरात दमेकरी असेल तर त्याला या कामापासून आणि दिवाळीच्या साफसफाईपासून लांब ठेवा. जे साफसफाई करतील त्यांनी नाकातोंडाला फडकं बांधावं.

गाद्या, उशा, गोधड्या गच्चीत टाका. वरची बाजू तापली की उलटा. संध्याकाळी दंव पडायच्या आत उचला, नाहीतर दिवसभराचं ऊन फुकट जाईल.

ट्रंकेतून काढलेल्या लोकरी कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. ते तसेच तान्ह्या बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो आणि तो बाहेरून कळत नाही. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात आणि कडक कावीळ होते. बाळाची कुंची, दुपटी, आजीची जुनी शाल, सगळं आधी धुवा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, मग वापरा. आणि डांबरगोळी पांढरी पेपरमिंटसारखी दिसते. रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नका.

आता आंघोळीच्या पाण्याविषयी. इथे जरा थांबा आणि नीट वाचा.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे घरातले सगळे एकामागून एक न्हातात. थंडी असते, म्हणून न्हाणीघराची खिडकी लावलेली असते. दार बंद असतं. आत गॅसचा गीझर तासभर जळत असतो. बंद जागेत गॅस, कोळसा किंवा लाकूड जळलं की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. कडी काढायला उठावं तर त्राण उरत नाही. तरणी, धडधाकट माणसं अशी आंघोळीला जाऊन परत आलेली नाहीत.

म्हणून असं करा. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तो आतच असेल आणि लगेच हलवता येत नसेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, आणि मगच आंघोळीला जा. दोन आंघोळींच्या मध्ये दार उघडं ठेवून हवा खेळू द्या. झरोक्याला पुठ्ठा किंवा प्लास्टिक लावू नका. थंड झुळूक येत असेल तर येऊ द्या. कडी आतून न लावता नुसतं दार लोटून घ्यायची सवय घरात लावा. आत गेलेलं माणूस वेळ लावतंय असं वाटलं तर हाक मारा. उत्तर आलं नाही तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

बंब असेल तर तो अंगणात किंवा पडवीतच पेटवा.

विजेचा गीझर उन्हाळाभर बंद पडून असतो. चालू करायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. पाणी तापलं की बटण बंद करून मग अंगावर घ्या. बादलीत टाकायच्या रॉडने दरवर्षी अपघात होतात. पाणी तापलं का हे पाहायला चालू रॉडच्या बादलीत बोट घालू नका. आधी बटण बंद करा, पिन काढा, मग हात लावा. लोखंडी बादली नको. पोरं घरात मोकळी फिरत असताना रॉड लावून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

जे गीझरचं, तेच शेगडीचं. रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारं लावून झोपू नका. निखारे राखेने झाकले म्हणून विझत नाहीत. बाळंतिणीच्या खोलीत तर शेगडी मुळीच नको. मला ठाऊक आहे, शेक-शेगडी, धुरी ही आपल्याकडची मायेची रीत आहे. आजी ती प्रेमानेच करते. पण धूर धूपाचा असो की शेपा-ओव्याचा, बाळाची फुप्फुसं इवली असतात. त्यांना तो सोसत नाही. आजीला दुखवू नका, तिला दुसरं काम द्या. मालिश तिच्याच हाताने होऊ द्या, आणि ती दुपारी, ऊन असताना. आंघोळ थोडक्यात आटपा. लगेच कोरडं करा, टोपडं घाला, आईजवळ द्या.

बाळाच्या नाकात, कानात तेल सोडू नका. कापूर-ओव्याची पुरचुंडी पाळण्याला बांधतात, तीही नको. कापूर चुकून पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात.

किती कपडे घालावेत? तुम्हाला जेवढे लागतात त्याहून एक जास्त. बाळाच्या पोटाला हात लावून पाहा. पोट उबदार असेल तर बाळ ठीक आहे. मानेला घाम असेल तर एक थर काढा. कमी वजनाच्या बाळाला आईने, किंवा बापानेही, उघड्या छातीशी धरावं आणि वरून शाल घ्यावी. त्या उबेची बरोबरी शेगडी करू शकत नाही.

सर्दी झालेल्या बाळाचा श्वास मोजायला शिका. हे प्रत्येक घरात कुणातरी एकाला यायलाच हवं. बाळ शांत असताना त्याचं पोट उघडं करा. घड्याळ समोर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा सुस्त पडून असेल, तर मोजतही बसू नका. लगेच निघा. रात्री दोन वाजलेले असले तरी निघा.

घरातल्या थोरांकडे वळू.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. उन्हाळ्यात जी गोळी पुरत होती ती आता पुरेल असं नाही. दिवाळी झाली की एकदा रक्तदाब तपासून घ्या. गोळी आपल्या मनाने वाढवू नका, फराळाच्या धांदलीत चुकवूही नका. थंडीच्या पहाटे छातीवर दाब आला, दम लागला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला आणि गारठ्यातही घाम फुटला, तर त्याला गॅस म्हणून सोडा पिऊन झोपू नका. घरच्यांना उठवा. आपल्याकडची म्हातारी माणसं पोरांची झोपमोड नको म्हणून गप्प बसतात. पोरांनो, त्यांना आजच सांगून ठेवा की रात्री कधीही उठवा.

पहाटे पाचला फिरायला जायची सवय चांगली, पण दोन-तीन महिने ती पुढे ढकला. सूर्य वर आल्यावर निघा. थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूळ, धूर तिच्यातच अडकून राहतो. मुंबईत, पुण्यात सकाळी जे धुकट दिसतं ते नुसतं धुकं नसतं. दमेकऱ्यांनी दिवाळीच्या आधीच डॉक्टरांना भेटून यावं, त्रास सुरू व्हायची वाट पाहू नये. तोंडाने ओढायच्या पंपाची सवय लागते, ही भीती मनातून काढून टाका. औषध थेट फुप्फुसात जातं आणि थोडंच लागतं. आणि घरात दमेकरी असेल तर फटाके त्या गल्लीत नकोत, एवढं शेजाऱ्यांना गोडीने सांगायला संकोच करू नका.

मधुमेह असलेल्यांनी गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. पायाची जाणीव कमी झालेली असते, चटका बसतो तो कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. सुती मोजे घाला. रोज रात्री तळवा पाहा, आपला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगा. टाचेला भेग पडली असेल तर कोमट पाण्याने धुऊन, पुसून, कोकमाचं तेल चोळा.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ होते, पोट साफ होत नाही. त्यांच्या हाताशी कोमट पाण्याचा तांब्या ठेवा आणि तो संध्याकाळपर्यंत संपला का ते पाहा. रात्री लघवीला उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसायला सांगा, मग उभं राहायचं.

खाण्याचं फार सांगत नाही. ते तुमच्या घराला माझ्यापेक्षा जास्त कळतं. उकाडा आहे तोवर ताक, कोकम, ज्वारीची भाकरी चालू ठेवा. डिंकाचे, मेथीचे लाडू आणि बाजरी खरी थंडी पडल्यावर. ऑक्टोबरच्या भरल्या दुपारी ते अंगावर येतात. कोजागरीला दूध जरूर आटवा. गच्चीत मात्र पातेल्यावर जाळी ठेवा आणि आजी-आजोबांच्या डोक्याला काहीतरी गुंडाळा, त्या रात्री दंव पडतं. पुढे आवळा, गाजर, हरभऱ्याचा कोवळा पाला, मटार बाजारात स्वस्त होतात. पोरांच्या डब्यात ते जाऊ द्या.

आता दिवस लहान होत जाईल. नोव्हेंबर संपता संपता सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शिकवणीहून येणाऱ्या मुलामुलींच्या सायकलला मागे लाल चकाकती पट्टी लावून द्या. दुचाकीवर असाल तर वेग आवरा. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. उसाने भरलेल्या जोडट्रॉल्या अंधारात दिवा न लावता उभ्या असतात, समोर येईपर्यंत दिसत नाहीत. ट्रॅक्टर तुमचा असेल तर हंगामाच्या पहिल्याच दिवशी ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावा. बैलगाडीलाही लावा.

त्या उसाबरोबर माणसंही आलेली असतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात येतात. कापडाच्या, पाचटाच्या कोप्यांत पाच-सहा महिने काढतात. रानातली थंडी गावातल्या थंडीहून कडक असते. पहाटे चारला आई-बाप फडात जातात, मागे लेकरं कोपीत निजलेली असतात.

तुमच्या शिवारात अशी टोळी उतरली असेल तर कपाटातून काढलेल्या जादा गोधड्या, स्वेटर, कानटोप्या धुऊन आताच नेऊन द्या. थंडी भरात आल्यावर दिलेलं उशिरा पोचतं. आशाताईंना टोळी आल्याचं कळवा, म्हणजे लहान लेकरांची लस चुकणार नाही आणि गरोदर बायांची तपासणी होईल. कोपीत शेकोटी पेटवून झोपू नका, हे त्यांनाही सांगा. पाचट क्षणात पेट घेतं. आणि टोळीतल्या एखाद्या बाईला सोबत नेऊन गावचा दवाखाना कुठे आहे, तो किती वाजता उघडतो, हे दाखवून या.